दोन मणी जास्तीचे

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत अत्तर आणि सुरम्याचं एक दुकान आहे. दुकान सैफुद्दीनचं. त्याला लागून असलेल्या ओट्यावर त्याची बायको सरवरी बसते, आणि खरं सांगायचं तर गल्लीतली माणसं थांबतात ती अत्तरासाठी नाही, तिच्यासाठी. नवखा माणूस आधी तिच्या पायाकडे बघतो. उजवा पाय पुढे पसरलेला, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणलेला, आणि दोन्ही हातांची बोटं त्या दोऱ्यावर अशी चालतात की मणी केव्हा सरकला आणि त्याच्यामागे गाठ केव्हा बसली, पत्ता लागत नाही. दोरा घासून घासून त्या अंगठ्याला खाच पडली आहे. कुणी हळहळून विचारलं की ती म्हणते, "दुखत नाई बापा. थो माहा तिसरा हात हाये."

सरवरी पटवेकऱ्याची लेक. मंगळसूत्राची पोत गाठायची, लेकरांचे करगोटे करायचे, तुटलेल्या माळा पुन्हा ओवून द्यायच्या, हे तिच्या माहेरचं पिढीजात काम. बापाला मुलगाही होता, पण एका जागी बसणं म्हणजे त्याला शिक्षा. शेवटी बापानं दोरा लेकीच्या अंगठ्याला अडकवला. त्याबरोबर एक सवयही लावली. मणी ओवताना तोंडानं अल्लाचं नाव घ्यायचं, एका गाठीला एकदा. मग ती मशिदीत जाणाऱ्याची तसबीह असो की देवळात जाणाऱ्याची जपमाळ. सरवरीनं ही सवय आजवर मोडलेली नाही. त्यामुळे तिच्याशी बोलायला बसलं तर उत्तर गाठ बसल्यावरच मिळतं. ज्यांना घाई असते त्यांना हे रुचत नाही. त्यांनी खुशाल प्लास्टिकची माळ घ्यावी आणि चालू लागावं.

माळ मागायला आलेल्याला तिचा पहिला सवाल ठरलेला असतो. "गळ्यात घालाची हाये का हातात फिरवाची?"

कारण दोन्हींची गाठ वेगळी. गळ्यातली घट्ट चालते. फिरवायच्या माळेत मात्र मण्याला दोन गाठींमध्ये केसभर जागा सोडावी लागते. जागा जास्त झाली की मणी डुलतो, आणि मण्याबरोबर फिरवणाऱ्याचं मनही डुलायला लागतं. कमी झाली की मणी अडतो आणि माणूस देव सोडून मण्याशी भांडत बसतो. ही केसभर जागा सरवरीच्या बोटांना आपोआप कळते. पार रिसोडहून लोक एसटीत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती तुटक्या माळा पाठवतात त्या उगाच नाही.

तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भांडखोर म्हणजे गिरजाबाई. जातीची माळीण. गावाला लागूनच तिची वाडी आहे. वांगी, मेथी, पालक, आणि सांबार, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची कोथिंबीर. बाजारच्या दिवशी भाजीचे ढीग मांडून बसलेली ही बाई डाव्या हातानं माल दाखवायची आणि उजवा हात पदराखाली ठेवायची. त्या पदराखाली तुळशीची माळ फिरत असे. "राम कृष्ण हरी, घ्याचं असंन तं घे, नाई तं पुढं जाय, राम कृष्ण हरी." गिऱ्हाइकानं सांबाराच्या जुडीसाठी घासाघीस केली तर हरीच्या नावाला थोडी धार चढायची, एवढंच.

माळ तिच्या हातात आली कशी, ते ती स्वतःच हसत हसत सांगायची. सासू जहाल. नव्या सुनेलाही जीभ कमी नव्हती. रोज ठिणगी, रोज भडका. मग गिरजाबाईनंच तोड काढली. जिभेला दुसरं काम दिलं. सासूनं तोंड उघडलं की हिनं माळ काढायची. "सासू गेली," गिरजाबाई म्हणायची, "माळ राह्यली. आता मले समजते, सासूनं माह्यावर उपकारच केले."

पण माळेचे कायदे तिनं त्याच सासूकडून घेतले होते आणि ते ती डोळ्यात तेल घालून पाळायची. फिरवायची ती उजव्याच हातानं. माळ पदराखालीच राहिली पाहिजे. फिरवणाऱ्यानंसुद्धा तिच्याकडे बघायचं नाही, बघितलं की मन मोजण्यात अडकतं. आणि मेरू ओलांडायचा नाही. मेरू म्हणजे माळेची दोन्ही टोकं जुळतात तिथला मोठा मणी. एकशे आठ मणी झाले, अंगठ्याला मेरू लागला, की माळ उलटी फिरवायची आणि आल्या वाटेनं परत निघायचं.

दर वर्षी माळेचा दोरा झिजला की गिरजाबाई ओट्यावर यायची, आणि माळ तयार होईपर्यंत तिथून हलायची नाही. मणी तेच, बोटांनी घासून सुपारीसारखे गुळगुळीत झालेले. एकदा तिनं विचारलं, "सरवरी, ओवता ओवता तू काय पुटपुटतं वं?"

सरवरीनं गाठ बसवली आणि मगच उत्तर दिलं. "अल्लाचं नाव घेतो."

"माह्या माळेवर?"

"तुह्या माळेवर."

गिरजाबाईनं जरा विचार केला. "मंग तं एका मण्यात दोन नावं झाले. बरं हाये. एक झिजलं तं दुसरं कामी येईन." आणि मेथीची जुडी ओट्यावर ठेवून ती चालती झाली. तीस वर्षांच्या मैत्रीत दोघींचं धर्माबद्दलचं बोलणं झालं ते एवढंच. त्यापेक्षा जास्त बोलायची गरज दोघींनाही पडली नाही.

गेल्या दिवाळीनंतर गिरजाबाईला लकवा मारला. पहाटे वांगी तोडायला वाकली ती तिथंच बसली. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. दवाखाना झाला, औषधं झाली. माणूस जगलं, आणि बाईची जीभ सगळ्यात आधी ताळ्यावर आली यात कुणालाच नवल वाटलं नाही. पाय फरपटत का होईना चालायला लागला. राहिला तो उजवा हात. बोटं थोडी हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. एकदा त्या हातावर ऊन चहा सांडला आणि तळवा लाल झाला, तरी गिरजाबाई सुनेशी बोलतच राहिली. सून ओरडली तेव्हा तिनं खाली पाहिलं.

अशा हातात माळ कशी फिरणार? मणी सरकला की नाही हे अंगठ्याला कळेना. एकाच मण्यावर नाव दहादा व्हायचं, नाही तर बोटाखालून पाच-सहा मणी भुर्रकन निघून जायचे. अर्ध्यात माळ गळून पडायची. डावा हात धड होता, पण डाव्या हातानं देवाचं नाव मोजायचं हे तिच्या मनाला पटेना. सुचितानं, म्हणजे तिच्या सुनेनं, बोटात घालायचं मोजायचं यंत्र मागवलं. बटण दाबलं की आकडा पुढे. गिरजाबाईनं दोनदा दाबलं आणि काढून ठेवलं. "हे तं बसचं तिकीट फाडल्यावानी हाये," म्हणाली. मनातल्या मनात कर, असंही सांगून झालं. त्यावर ती म्हणाली, "मन माहं ऐकत असतं तं माळ कायले धरली असती?"

मग तिनं माळ उशाखाली ठेवून दिली आणि गप्प झाली. हे गप्प होणं वाईट होतं. डॉक्टरनं हाताला करायला सांगितलेला व्यायाम सुटला. रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो खाटेखाली गेला. जेवण दोन घासांवर आलं. ज्या बाईचा आवाज बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली.

एके दिवशी सुचिता माळ घेऊन ओट्याशी आली. भाजी नाही, पिशवी नाही, नुसती माळ. "काकू," ती म्हणाली, "माह्या सासूले काई झालं तं लोक म्हणतीन लकव्यानं गेली. मी सांगतो तुमाले, ते माळेनं चालली. हिचं काई करता येते का पाहा."

सरवरीनं अंगठ्याचा दोरा सोडला. हातातलं काम तसंच टाकून ती उठली, हे सैफुद्दीननं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

वाडीवर जाऊन तिनं आधी तो हात पाहिला. बोटं चाचपली, अंगठा कुठवर वळतो ते बघितलं. गिरजाबाई म्हणाली, "दोरा बदलून हात बदलत नाई वं."

"तू गप राह्य," सरवरी म्हणाली. तीस वर्षांत गिरजाबाईला गप्प राहायला सांगणारी ती दुसरीच. पहिली सासू.

घरी येऊन तिनं मोठ्या लाकडी मण्यांची माळ ओवून बघितली. अंगठ्याला मोठा मणी सापडेल, असा हिशेब. माळ जड झाली, हातातून ओघळून पडायला लागली. मग लहान मणी, पण मध्ये जास्त जागा. ते मणी डुलायला लागले. शिवाय ते दुसरे मणी होते, आणि गिरजाबाईला आपले तुळशीचेच हवे होते.

तेव्हा सरवरीनं जे केलं ते पाहून सैफुद्दीनला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तिनं चिंधीच्या दोन पट्ट्या मेणात बुडवल्या आणि आपल्याच उजव्या अंगठ्याला आणि मधल्या बोटाला घट्ट गुंडाळल्या. मग डोळे मिटून आपली तसबीह फिरवायला घेतली.

"हे काय करून राह्यली?"

ती तशीच मणी चाचपत राहिली. मणी तिलाही कळेना. आपण कुठवर आलो, किती राहिलं, काहीच उमगेना, आणि छातीत धडधड व्हायला लागली. शेवटी तिनं पट्ट्या सोडल्या. डोळ्यांत पाणी होतं. "मले वाटे बोटाले मणी लागत नाई म्हून तिले त्रास होते," ती म्हणाली. "तसं नाई. जीव घाबरते. अंधारात विहिरीच्या कडेनं चालल्यासारखं होते." ज्याचं काम करायचं त्याची अडचण आपल्या बोटावर घेऊन बघणारा कारागीर लाखात एक. सैफुद्दीननं त्या दिवशी आपणच चहा करून आणला.

सरवरीनं ठरवलं की गिरजाबाईचे तुळशीचेच मणी घ्यायचे, दोरा खरखरीत घ्यायचा, गाठ नेहमीपेक्षा जाड मारायची. मणी नाही तर निदान गाठ तरी अंगठ्याला अडेल. पण तोवर रमजान लागला आणि लाकडी मण्यांच्या तसबीहची कामं येऊन पडली. तसबीहला तेहतीस मण्यांवर एक आणि पुन्हा तेहतीसवर एक असा वेगळा, जाड मणी घालतात. त्याला निशाण म्हणायचं. निशाण आलं की जपातलं नाव बदलायचं. दिवसभर सरवरीचे हात हेच करत होते. तेहतीस, निशाण. तेहतीस, निशाण. रोजा होता, घसा कोरडा होता, आणि संध्याकाळी सुचिता माळ न्यायला यायची होती. तुळशीची माळ तिनं त्याच कामांच्या मध्ये ओवली. शेवटची गाठ मारली, मेरू बसवला, गोंडा बांधला. तेवढ्यात सुचिता आली. माळ कागदात गुंडाळून तिनं तिच्या हाती दिली.

दोन-तीन दिवसांनी सुचिताचा फोन आला. आवाजच वेगळा होता. "काकू, माळ फिरून राह्यली! सकाळी पुरी फिरवली म्हणते. अन् भाकर मागून घेतली!" सरवरीनं फोन ठेवला आणि ओट्यावर बसल्या बसल्या अल्लाचा शुक्राना अदा केला. पुढच्या फोनला कळलं की सासू अंगणात खाट टाकून बसते आता. त्याच्या पुढच्या फोनला कळलं की दोन माणसांशी भांडली. सैफुद्दीन म्हणाला, "झालं! म्हातारी दुरुस्त."

आठवडा गेला. तसबीहचं काम संपत आलं, आणि शेवटच्या तसबीहला निशाण घालायला सरवरीनं डबी उघडली तर डबी रिकामी. दोन मणी कमी. तिनं चटई झटकली, ओट्याच्या फटीत बघितलं. मग हात तिथंच थांबले. मणी कुठे गेले ते तिच्या बोटांना तिच्या आधी आठवलं.

ते दोन्ही निशाण गिरजाबाईच्या माळेत होते.

क्षणभर तिला हसूच आलं. तुळशीच्या माळेत तसबीहचे मणी! पण हसू ओठांवर असतानाच ती पांढरी पडली. गिरजाबाई माळेकडे बघत नाही. माळ सरली हे तिच्या बधिर अंगठ्याला कळतं ते जाड मणी अडला की. निशाण अडलं की तिला वाटणार, मेरू आला. आणि मेरू ती ओलांडत नाही. ती माळ उलटी फिरवणार, आणि खऱ्या मेरूपाशी पोचून पुन्हा उलटी. म्हणजे आठवडाभर ती तेवढ्याच मण्यांवर येरझारा घालत होती, आणि समजत होती की माळ पुरी होते.

सैफुद्दीननं सगळं ऐकलं. "मंग काय बिघडलं? म्हातारी खुश हाये, खाऊन-पिऊन राह्यली. तू काहून तिचं मन मोडतं? देव काय मोजून घेते?"

"देव नसंन मोजत," सरवरी म्हणाली. "गिरजामावशी मोजते."

"कोणी पाह्यलं नाई, कोणाले समजणार नाई."

"मले समजलं ना." तिनं दोरा, मेण आणि कात्री पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. दुपार टळली होती, रोजा होता, ऊन रणरणत होतं. सैफुद्दीननं रिक्षा थांबवून दिली. मनातून त्याला तिचंच पटलं होतं, पण बायकोचं पटलं असं बोलून दाखवेल तो नवरा कसला!

गिरजाबाई लिंबाच्या सावलीत खाटेवर बसली होती. उजवा हात पदराखाली, ओठ हलते. चेहरा तेलानं चकाकत होता. सुचिता रोज तिच्या हाताला तीळतेल लावायची, ते बाई तोंडालाही फासून घ्यायची. सरवरीला पाहताच तिनं आनंदानं हाक मारली. "ये वं ये! काय माळ केली तुनं! आता तं लवकर लवकर सरते. आधी सकाळ जाये एका माळेले. हात सुटला माहा, हात सुटला!"

सरवरी दोन पावलांवर थांबली. चूक झाली हे तिला सांगता आलं असतं. पण हात सुटलेला नाही हे कोणत्या तोंडानं सांगायचं? रिक्षा अजून फाटकापाशी उभी होती. परत फिरता आलं असतं. ती खाटेच्या कडेला बसली.

"मावशी, माळ काढ बाहेर. पाह्य तिच्याकडं."

"पाह्यत नसतात."

"आज पाह्य."

तिच्या आवाजातलं काहीतरी गिरजाबाईला उमगलं. तिनं माळ पदराबाहेर काढली आणि मांडीवर ठेवली. बघताक्षणीच सगळं दिसलं. मेरूपासून पहिल्या निशाणापर्यंतचे मणी तेलानं काळे, तुकतुकीत झाले होते. बाकीची सगळी माळ कोरडी होती, काल ओवल्यासारखी.

सरवरीनं सांगितलं. रोजा, घाई, दोन मणी, काही लपवलं नाही. सुचिता पाण्याचा पाइप हातात धरून वाफ्यात उभी होती, ती तशीच राहिली आणि पाणी वाट फुटेल तिकडे गेलं.

गिरजाबाईनं डाव्या हातानं ते कोरडे मणी चाचपले. "मंग हात सुटला नाई माहा," ती म्हणाली.

सरवरीला रडू आलं.

"तुले काय गरज होती सांगाची?" गिरजाबाईचा आवाज चढला. "मी खुशीत होतो ना! राहू द्याचं होतं. मी मेलो असतो तशीच खुशीत."

"तू रोज देवाले पुरी माळ म्हून सांगशीन, अन् ते माह्यामुळं अधुरी असंन. मले रोजा कसा सोडवन मावशी?" सरवरीनं डोळे पुसले आणि पिशवी उघडली. "दे. आत्ताच उकलतो. दोन्ही मणी काढून देतो."

"थांब." गिरजाबाईनं माळ उचलली आणि पदराखाली नेली. "आधी पुरी फिरवून पाह्यतो. तू हलू नको अथून."

मेरूपासून तिनं सुरुवात केली. तेलकट मणी सराईतपणे सरकले, ती वाट अंगठ्याची झाली होती. मग हात थांबला. निशाण आलं होतं. सवयीनं मनगट उलटं वळायला लागलं तेव्हा गिरजाबाई आपल्याच अंगठ्यावर खेकसली, "हा नोहे! पुढं चाल." आणि अंगठा पुढे गेला.

पुढचे मणी कोरडे होते. एक मणी अडला, एक निसटला. माळ गळायला आली, तिनं कशीबशी सावरली. कपाळावर घाम आला, वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं झालं. सुचिता पुढे धावली तर सरवरीनं हातानं तिला अडवलं. सरवरीचेही ओठ हलत होते. समोर दोरा नव्हता, गाठ नव्हती, तरी गिरजाबाईच्या प्रत्येक "हरी"बरोबर ती आपलं नाव घेत होती. फाटकापाशी कंटाळलेला रिक्षावाला केव्हा निघून गेला, कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या निशाणाशी गिरजाबाईनं हात मांडीवर टेकवला आणि दीर्घ श्वास घेतला. "आता समजलं तुमच्या लोकांले हा मणी कायले लागते. दम घ्याले."

एवढ्या ताणातही सरवरीला हसू फुटलं. "नाई मावशी. तथून आमचं नाव बदलते."

"माहं नाव एकच हाये. मी दमच घेतो." तिनं माळ सावरली. "राहू दे हे दोन. काढू नको."

पुन्हा हात चालू झाला. ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं, मग तिथूनही गेलं. सुचितानं आत जाऊन घड्याळ पाहिलं, पेलाभर पाणी आणि वाडीतलं टरबूज कापून आणलं. रोजा सोडायची वेळ जवळ आली होती. सरवरी काही उठायला तयार नव्हती.

आणि मग पदराखालचा हात एकदम थांबला. गिरजाबाईचे ओठही थांबले. डोळे मोठे झाले होते. सरवरीला वाटलं, पुन्हा लकवा! ती घाबरून पुढे सरकली. "मावशी? काय झालं? मेरू आला का?"

"सरवरी," गिरजाबाई हळूच म्हणाली, मोठ्यानं बोललं तर निघून जाईल अशा आवाजात, "हाताले काईतरी गुदगुल्या करून राह्यलं वं."

"कुठी?"

"तळहाताले. मधात."

सरवरीनं विचारलं नाही, परवानगी मागितली नाही. त्या पदराखाली आजवर दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता. तिनं सरळ हात घातला. मेरूखालचा रेशमी गोंडा गिरजाबाईच्या तळव्यावर पसरला होता. ज्या तळव्याला ऊन चहा कळला नव्हता, त्यावर. तिनं गोंडा चिमटीत धरला आणि अलगद फिरवला.

"आता?"

"हो."

तिनं गोंडा उचलला. "आता?"

"नाई. गेला."

तिनं पुन्हा टेकवला. "आता?"

"हो वं! हो! पुरे कर, गुदगुल्या होतात म्हणतो ना!" गिरजाबाई हसत होती आणि रडत होती, आणि शेजारीच उभ्या सुनेला त्याच बाजारच्या आवाजात हाका मारत होती.

गावाकडून मगरीबची अजान आली. सुचितानं पाण्याचा पेला सरवरीपुढे धरला. सरवरीनं तो डाव्या हातानं घेतला, पुटपुटत ओठाला लावला, आणि उजव्या हातानं पदराखाली गोंडा पुन्हा एकदा फिरवून विचारलं, "आता?"